रक्त तपासायला जाताना: आदल्या रात्रीपासून रिपोर्ट येईपर्यंत

सकाळी सात वाजता लॅबच्या दारात रांग लागते आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला जातो, "काही खाल्लंय का?" रोज कुणीतरी उत्तर देतं, "काही नाही, फक्त चहा." त्या चहात दूध असतं, साखर असते, आणि उपाशीपोटीची साखर तपासण्याचा बेत तिथेच संपतो. मशीन आकडा बरोबर देतं, पण तो आकडा उपाशी शरीराचा नसतो. मग त्यावर गोळी वाढते किंवा माणूस महिनाभर उगाच काळजी करतो.

रक्ताच्या रिपोर्टमधल्या बहुतेक चुका नमुना मशीनपर्यंत पोचण्याआधीच झालेल्या असतात. त्या तयारीत होतात, वेळेत होतात, नळीत होतात, नावात होतात. यातल्या बऱ्याच चुका रुग्ण स्वतः टाळू शकतो, फक्त त्याला कुणीतरी नीट सांगायला हवं.

आदल्या दिवशी: चिठ्ठी वाचा, मग उपाशी राहा

डॉक्टरांची चिठ्ठी आदल्या दिवशीच लॅबला फोनवर वाचून दाखवा आणि विचारा, यातल्या कशाला उपाशी यायचं? सगळ्याच तपासण्यांना उपाशी राहावं लागत नाही. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी), मलेरिया, डेंग्यू, रक्तगट यांना जेवून गेलात तरी चालतं. उपाशी लागतं ते फास्टिंग शुगरला, ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) नीट बघायचे असतील तेव्हा लिपिड प्रोफाइलला, म्हणजे चरबी-कोलेस्टेरॉलच्या तपासणीला, आणि शरीरातल्या लोहाच्या तपासणीला.

हे विचारणं म्हाताऱ्या माणसांसाठी फार गरजेचं आहे. गोव्यात काणकोणहून किंवा सत्तरी तालुक्यातून पहाटेची बस धरून बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) आणलेले मधुमेही आजोबा केवळ सीबीसीसाठी दहा वाजेपर्यंत उपाशी बसतात. सकाळची गोळी घेतलेली असेल तर त्यांची साखर रांगेतच उतरते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं बोलणं दिसलं तर तपासणीचा विचार सोडा आणि लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्या. शुद्ध हरपत असेल तर मात्र तोंडातून काही देऊ नका, डॉक्टरांना हाक मारा. इस्पितळातच असता, मदत जवळ असते.

उपाशी म्हणजे किती? साखरेसाठी किमान ८ तास, लिपिडसाठी १० ते १२ तास. १४ तासांच्या पुढे जाऊ नका, फार लांबलेल्या उपासानेही आकडे बदलतात. रात्री आठ-साडेआठला नेहमीचं जेवण आणि सकाळी सात-आठला रक्त, हा हिशेब सगळ्यांना जमतो.

या वेळात साधं पाणी चालतं. नुसतं चालतं असं नाही, ते प्यायलाच हवं. रात्रभर पाणी न पिता आलेल्या माणसाची शीर दबलेली असते, सापडत नाही, आणि दोन-तीनदा टोचावं लागतं. सकाळी उठल्यावर एक-दोन ग्लास पाणी प्या. चालत नाही ते असं: चहा, बिनसाखरेची काळी कॉफी, शहाळं, लिंबूपाणी, सोलकढी, च्युइंगगम, गुटखा, सिगारेट. एकादशीचा किंवा सोमवारचा उपास हा या अर्थाने उपास नाही, कारण साबुदाणा, केळं, दूध हे सगळं रक्तात साखर म्हणूनच उतरतं. दात घासायला हरकत नाही. पोदेराचा (पाववाल्याचा) हॉर्न वाजला म्हणून पाव घेऊन ठेवा, पण तो रक्त दिल्यावर खायचा.

लिपिडबद्दल आणखी एक. चतुर्थीचे पाच दिवस, घरातलं लग्न, किंवा उर्राकच्या (काजूच्या दारूच्या) दिवसांत मित्रांसोबतच्या बैठका झाल्या की ट्रायग्लिसराइड चढतात आणि ते एका रात्रीच्या उपासाने खाली येत नाहीत. दारू किमान तीन दिवस नको. सणानंतर आठवडाभर रोजच्यासारखं जेवून मग जा. ताप, शस्त्रक्रिया किंवा मोठं आजारपण नुकतंच झालं असेल तर कोलेस्टेरॉल खोटंच कमी दिसतं, म्हणून तेव्हाही थांबलेलं बरं. आदल्या संध्याकाळी फुटबॉल खेळलात किंवा जिममध्ये जोर काढलात तर स्नायूंतून सीपीके आणि एसजीओटी ही विकरं (एन्झाइम) रक्तात उतरतात. एसजीओटी यकृताच्या तपासणीत मोजतात, त्यामुळे यकृत चांगलं असूनही रिपोर्टवर खूण येते.

सकाळच्या गोळ्यांचं काय करायचं

रक्तदाबाची गोळी रोजच्या वेळी पाण्यासोबत घ्या. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन उपाशीपोटी घेऊन लॅबला येऊ नका. रक्त दिल्यावर, न्याहारीच्या वेळी घ्या.

थायरॉइडची गोळी नमुना दिल्यानंतर. आधी घेतली तर पुढचे काही तास रक्तात फ्री टी-फोर (थायरॉइडचं संप्रेरक) तात्पुरता चढलेला दिसतो. लोहाची तपासणी असेल तर लोहाच्या गोळ्या किमान २४ तास आधी थांबवाव्या लागतात आणि नमुना सकाळचाच लागतो, कारण रक्तातलं लोह दिवसभरात बरंच वर-खाली होतं.

केस आणि नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या गोळ्यांकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. ५ किंवा १० मिलिग्रॅमची गोळी रोज चालू असेल तर अनेक मशीनांच्या पद्धतीत बायोटिन अडथळा आणतं. टीएसएच खोटाच कमी येतो, फ्री टी-फोर खोटाच जास्त येतो, आणि चांगल्या माणसाला थायरॉइड वाढल्याचं निदान चिकटतं. छातीत दुखतं म्हणून केलेली, हृदयाला इजा झाली का हे दाखवणारी ट्रोपोनिन तपासणीही त्यामुळे खोटी कमी येऊ शकते, आणि तिथे चूक जिवावर बेतते. दोन-तीन दिवस आधी ती गोळी बंद करा आणि तातडीची तपासणी असेल तर निदान सांगा. ही गोळी "औषध" वाटत नाही म्हणून लोक तिचं नाव घेत नाहीत.

रक्त पातळ करणारी औषधं मनाने कधीही बंद करू नका. फक्त रक्त घेणाऱ्याला सांगा. लिथियमची पातळी बघायची असेल तर रात्रीच्या डोसनंतर १२ तासांनी आणि सकाळचा डोस घेण्याआधी रक्त द्यायचं.

जेवणानंतरची साखर

पीपीचे (जेवणानंतरच्या साखरेचे) दोन तास पहिल्या घासापासून मोजतात, हात धुतल्यापासून नव्हे. घड्याळ बघून खायला सुरुवात करा आणि पंधरा-वीस मिनिटांत संपवा. रोज सकाळी जे खाता तेच खा. पाव-भाजी खात असाल तर पाव-भाजी, पेज जेवत असाल तर पेज. तपासणी आहे म्हणून त्या दिवशी दोन इडल्यांवर भागवलं तर आकडा छान येईल, पण उरलेल्या २९ दिवसांबद्दल तो काहीच सांगणार नाही. गोळी चालू असेल तर तीही नेहमीसारखीच घ्यायची, कारण औषधासह साखर कुठे राहते हेच डॉक्टरांना बघायचं असतं.

मधल्या दोन तासांत काही खायचं नाही आणि फार चालायचंही नाही. म्हापशात रक्त देऊन मधल्या वेळात शुक्रवारचा बाजार उरकला तर चालण्याने साखर उतरते. पीपी फास्टिंगपेक्षा कमी आली की लोक रिपोर्टला नावं ठेवतात. तसं खरोखर होऊ शकतं. हलकं खाणं, चालणं आणि गोळी एकत्र आली की आकडा खाली येतो.

गरोदरपणातली साखरेची तपासणी वेगळी. ७५ ग्रॅम ग्लुकोज सुमारे ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. आपल्याकडे सरकारी केंद्रांत जी पद्धत वापरतात तिला उपाशी यावं लागत नाही. १४० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त आलं तर गरोदरपणातला मधुमेह धरून उपचार सुरू होतात. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तपासणी दुसऱ्या दिवशी नव्याने करावी लागते. तेव्हा लपवू नका.

खुर्चीत बसल्यावर

पोचल्यावर पाच-दहा मिनिटं शांत बसा. स्कूटरवरून उतरून, जिना चढून थेट खुर्चीत बसू नका.

आधी नाव. गावागावांत गावकर, नाईक, गावडे, परब, देसाई या आडनावांची दाटी असते, आणि एकाच सकाळी एकाच नावाची दोन माणसं येणं नवलाचं नाही. नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि वय तुम्ही स्वतःच्या तोंडून सांगा. "तुम्हीच ना अमुक?" याला नुसती मान डोलावू नका. रक्त घेऊन झालं की नळीवरचं नाव वाचून बघा. अदलाबदल झालेल्या नळीची चूक पुढे कुणाच्याही लक्षात येत नाही.

मग या गोष्टी न विचारता सांगा: पूर्वी कधी रक्त देताना चक्कर आली होती का, रक्त पातळ करणारं औषध चालू आहे का, स्तनाची शस्त्रक्रिया होऊन काखेतल्या गाठी काढल्या आहेत का (त्या बाजूच्या हातातून घेऊ नये), डायलिसिससाठी हातात फिस्टुला (धमनी आणि शीर जोडून केलेली जागा) आहे का. फिस्टुलाच्या हाताला सुई लावू द्यायचीच नाही. सलाइन चालू असलेल्या हातातून घेतलेल्या रक्तात सलाइनच मोजलं जातं, तेव्हा दुसरा हात पुढे करा. चक्कर येणाऱ्यांनी आडवं पडून रक्त द्यावं. त्यात कमीपणा काहीच नाही.

सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडलेलं असावं आणि हातमोजे घातलेले असावेत. पट्टा कोपराच्या चार बोटं वर बांधतात. तो एक मिनिटापेक्षा जास्त आवळलेला राहू नये, कारण अडकलेल्या रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं आणि प्रथिनं, कॅल्शियम, हिमोग्लोबिन खोटं वाढलेलं दिसतं. मूठ एकदा हलकी मिटा, बस. मूठ उघडझाप करत राहिलं की स्नायूंमधलं पोटॅशियम रक्तात उतरतं आणि आकडा घाबरवणारा येतो. स्पिरिट लावल्यावर अर्धा मिनिट वाळू द्यायला हवं. ओल्या स्पिरिटमधून सुई गेली तर जास्त झोंबतं आणि तांबड्या पेशी फुटतात.

नळ्यांच्या झाकणांचे रंग शोभेचे नसतात. जांभळ्या झाकणात ईडीटीए असतं, ते रक्त गोठू देत नाही. सीबीसी आणि एचबीएवनसी त्यात. करड्या झाकणात फ्लोराइड, ते साखरेसाठी. लाल किंवा पिवळ्या नळीत रक्त गोठू देतात आणि वर उरणारा पातळ भाग, म्हणजे सीरम, वापरतात: यकृत, मूत्रपिंड, थायरॉइड, लिपिड. फिक्या निळ्या नळीत सायट्रेट असतं, ती पीटी-आयएनआरसाठी, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघण्यासाठी. ती खुणेच्या रेषेपर्यंतच भरावी लागते, एक भाग सायट्रेटला नऊ भाग रक्त. कमी भरली तर आयएनआर खोटा वाढतो आणि वॉर्फरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्याचा डोस चुकतो. नळ्या भरण्याचाही क्रम ठरलेला असतो: निळी आधी, मग लाल-पिवळी, मग जांभळी, शेवटी करडी. जांभळ्या नळीतलं ईडीटीए पुढच्या नळीत गेलं तर पोटॅशियम खोटं वाढतं आणि कॅल्शियम खोटं घटतं. म्हणूनच एका नळीतलं रक्त दुसरीत ओतणं हे चूकच.

चार नळ्या बघून घाबरू नका. प्रत्येकीत दोन ते पाच मिलिलिटर, म्हणजे सगळं मिळून दोन-तीन चमचे. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं.

सुई जाताना थोडं दुखणारच. पण हातातून बोटांपर्यंत विजेचा झटका बसल्यासारखी कळ गेली तर लगेच मोठ्याने सांगा. सुई मज्जातंतूला लागलेली असू शकते आणि ती त्याच क्षणी बाहेर काढायची असते. दोनदा टोचूनही शीर मिळाली नाही तर "दुसऱ्या कुणाला बोलवा" असं म्हणायला संकोच करू नका. हात कोमट पाण्यात धरून, पाणी पिऊन दहा मिनिटांनी परत बसा.

सुई निघाल्यावर

कापूस दाबा आणि हात सरळ ठेवा. कोपर दुमडायची सवय सगळ्यांना असते आणि काळंनिळं होण्यामागे बहुतेक वेळा तीच असते, कारण दुमडल्यावर शिरेचं तोंड नीट दाबलं जात नाही आणि रक्त कातडीखाली पसरतं. दोन-तीन मिनिटं पुरतात. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉर्फरिन घेणाऱ्यांनी पाच ते दहा मिनिटं दाबावं. डाग पडलाच तर पहिल्या दिवशी थंड शेक, मग कोमट. आठवडा-दहा दिवसांत तो पिवळा पडून जातो. सूज वाढत गेली, हात गरम लागला किंवा मुंग्या दुसऱ्या दिवशीही राहिल्या तर डॉक्टरांना दाखवा. दुचाकीवर आला असाल तर काहीतरी खाऊन, पंधरा मिनिटं बसूनच निघा. चक्कर पुष्कळदा दारातून बाहेर पडल्यावर येते.

"नमुना हेमोलाइज झाला, परत या" असा फोन आला तर चिडू नका. तांबड्या पेशी फुटल्या की त्यांच्यातलं पोटॅशियम आणि एलडीएच सीरममध्ये मिसळतात. अशा नमुन्यावर रिपोर्ट न देणारी लॅब आपलं काम चोख करते आहे.

घरी येऊन रक्त नेणाऱ्यांना दोन प्रश्न विचारा: लॅबमध्ये नमुना किती वाजता पोचणार आणि साखरेसाठी करडी नळी आणलीय का? साध्या नळीत पेशी साखर खात राहतात. पेशी वेगळ्या केल्या नाहीत तर दर तासाला साखर पाच ते सात टक्के घटते, आणि मे महिन्यातल्या उन्हात याहून जास्त. थंड पेटी नसेल तर नमुना देऊ नका.

पावसाळ्यातला ताप

इथे सगळं अवलंबून असतं ताप येऊन कितवा दिवस आहे यावर. तो दिवस चिठ्ठीवर लिहून घ्या. डेंग्यूची एनएस-वन चाचणी (विषाणूचा अंश शोधणारी) पहिल्या पाच दिवसांत उपयोगी, आयजीएम (प्रतिपिंडं शोधणारी) त्यानंतर. दुसऱ्या दिवशी केलेली आयजीएम नकारात्मक आली म्हणून डेंग्यू नाही असं होत नाही. लेप्टोचंही (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप) तेच. शेतात, चिखलात, साचलेल्या पाण्यात काम केलं असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, कारण लेप्टोची प्रतिपिंडं दिसायला पाच-सात दिवस जातात आणि तोवर उपचार थांबवून चालत नाही. सत्तरीतल्या रानात काजूच्या हंगामात गेलेल्याला ताप आला तर माकडतापाचं (गोचिडांतून पसरणाऱ्या तापाचं) नाव तुम्हीच काढा.

मलेरियाची काचपट्टी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. औषध घेण्याआधी रक्त द्या. एकदा नकारात्मक येऊनही थंडी-ताप चालू राहिला तर १२ ते २४ तासांनी परत तपासायची. टायफॉइडची शंका असेल तर ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून बघणारी तपासणी) हवं, तेही प्रतिजैविक सुरू होण्याआधी. नुसत्या विडाल या प्रतिपिंडांच्या चाचणीवर टायफॉइड ठरवणं योग्य नाही. जुना आजार, जुनी लस, दुसरे ताप यांनीही ती वाढलेली येते.

आणि प्लेटलेट. नेहमीची पातळी दीड ते साडेचार लाख. अचानक ४० हजार दिसले आणि माणूस मात्र ठणठणीत असेल तर विचारा, "स्मिअर बघितला का?" काही जणांच्या प्लेटलेट ईडीटीएमध्ये एकमेकींना चिकटतात, मशीन तो गठ्ठा मोजत नाही. काचेवर बघून किंवा सायट्रेटच्या नळीत नमुना घेऊन खरा आकडा कळतो. याउलट, आकडा बरा असूनही पोटात सतत दुखणं, उलट्या, हिरड्यांतून रक्त, गुंगी यातलं काही असेल तर रिपोर्टची वाट न बघता इस्पितळ गाठा. ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस डेंग्यूत जास्त धोक्याचे असतात.

रिपोर्ट हातात आल्यावर

शेजारी छापलेली मर्यादा म्हणजे निरोगी माणसांपैकी ९५ टक्के ज्या पट्ट्यात बसतात तो पट्टा. म्हणजे प्रत्येक तपासणीत वीसांतला एक निरोगी माणूस बाहेर असतोच. ८० तपासण्यांचं पॅकेज घेतलं तर काही ना काही ठळक अक्षरांत येणारच, आणि त्यापायी पुढच्या तपासण्या सुरू होतात. काही त्रास नसताना पॅकेजमधल्या कॅन्सर मार्करच्या तपासण्या करू नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. सीईए आणि सीए-१२५ हे साध्या कारणांनीही वाढतात आणि कॅन्सर असूनही कमी येऊ शकतात.

मधुमेहासाठी फास्टिंग १२६ किंवा एचबीएवनसी ६.५ ही रेघ आहे, पण लक्षणं नसतील तर एका आकड्यावर निदान करत नाहीत, दुसऱ्यांदा खात्री करतात. लोहाची कमतरता असेल तर एचबीएवनसी खोटा वाढू शकतो. नुकतंच रक्त चढवलं असेल किंवा बरंच रक्त गेलं असेल तर त्यावर भरवसा ठेवू नका.

जुने रिपोर्ट एका फाइलमध्ये ठेवा आणि शक्यतो एकाच लॅबमध्ये जा, कारण पद्धत बदलली की आकडा थोडा हलतो. घरातलं कुणी आखातात, इंग्लंडमध्ये किंवा जहाजावर असेल तर तिकडचे रिपोर्ट वेगळ्या एककांत असतात. तिकडची साखर ७ म्हणजे आपली १२६, १८ ने गुणायचं. कोलेस्टेरॉलला ३८.७ ने गुणा. तिकडचं क्रिएटिनिन १०६ वाचून दचकू नका. ८८.४ ने भागलं की १.२ येतं. एचबीएवनसी ४८ लिहिलं असेल तर ते आपलं ६.५ टक्के.

एचआयव्हीची तपासणी तुमच्या संमतीशिवाय करता येत नाही. २०१७ च्या कायद्याने आधी आणि नंतर समुपदेशन मिळण्याचा हक्क दिला आहे, आणि सरकारी समुपदेशन केंद्रांत ही तपासणी मोफत होते.

लॅबच्या फॉर्मवर फोन नंबर स्वतःच्या अक्षरात, नीट लिहा, आणि तो लागला नाही तर म्हणून घरातल्या दुसऱ्या कुणाचा नंबरही लिहा. पोटॅशियम ६ च्या वर, साखर ५० च्या आसपास, आयएनआर ५ च्या पुढे असं काही दिसलं की चांगल्या लॅबमधला माणूस रिपोर्ट छापण्याआधी फोन उचलतो. तो फोन आला तर डॉक्टरांच्या उद्याच्या वेळेची वाट बघू नका. जवळच्या इस्पितळाच्या तातडीच्या विभागात जा, वाहन नसेल तर १०८ ला फोन करा, आणि फोनवर सांगितलेला आकडा कागदावर लिहून सोबत न्या.